न बुडणारी माशी

माझ्या नवऱ्याचा देवावर किती विश्वास आहे हे मला अजून नीट सांगता यायचं नाही, पण ग्रीसवर फार आहे. हिंगोलीच्या एसटी डेपोत त्यांनी सगळी नोकरी गाड्यांच्या खाली पाठीवर झोपून काढली. दार कुरकुरलं की ग्रीस, नळ फिरेना झाला की ग्रीस. एकदा मी बाजारात गेलेली बघून त्यांनी माझ्या शिलाई मशीनलासुद्धा ग्रीस लावलं आणि पुढची तीन ब्लाउजं मला गिऱ्हाइकांची समजूत काढत द्यावी लागली. निवृत्त होताना डेपोतल्या लोकांनी त्यांना शाल, नारळ आणि चेष्टेनं ग्रीसचा एक डबा दिला. शाल कुठे गेली ते मला माहीत नाही. डबा कपाटात माझ्या पैठणीशेजारी आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी गळ हातात घेतला. सोबतीला त्यांच्याच डेपोतले एक निवृत्त कंडक्टर. दोघं सकाळी चहा पिऊन कयाधू नदीवरच्या बंधाऱ्यावर जायचे, डोक्यावर टॉवेल टाकून बसायचे आणि दुपारच्या जेवणाला परत यायचे. कधी दोन-चार चिलापी मिळायच्या. वर्षातून एखादी मरळ लागली तर आठवडाभर घरात दुसरा विषय नसायचा. कणकेची गोळी किंवा गांडूळ, वर शिशाचं वजन, आणि गळ सरळ तळाशी. त्यांची सगळी मासेमारी बुडवण्यावर उभी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी पंचाईत यातूनच झाली.

मासळीचं वेड पोरीत आलं ते बापाकडूनच. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून माशांचे कल्ले उघडून बघायची. पुढे ती मासळीचंच शास्त्र शिकली आणि पार हिमाचलात नोकरीला गेली. तिथे ट्राउट नावाचा थंड पाण्यातला मासा तळ्यांत वाढवतात. तिथल्याच एका मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं आणि नंतर फोन केला. मी रडले, भांडले आणि आठ दिवसांत गप्प झाले. हे भांडले नाहीत. नुसते "बरं" म्हणाले, आणि ते "बरं" दोन वर्षं पुरलं. पोरीचा फोन आला की "जेवलीस का?" एवढं विचारून फोन माझ्या हातात. जावयाचं नाव घरात निघायचं नाही. तो नुसता "तिकडचा" होता.

मागच्या दिवाळीच्या आधी पोरीला दिवस गेल्याचं कळलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पण पोरीला माहेरी बोलवायचं तर बापानं बोलवायला हवं, आणि बापाचं तोंड काही उघडेना. शिवाय डॉक्टरांनी तिला इतका लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. जावयाला आई नाही. म्हणजे त्या घरात बाळंतिणीला शेक-शेगडी करणारं, लेकराला न्हाऊ घालणारं कोणी मोठं माणूस नाही. मला जायलाच पाहिजे होतं. एकटी जाऊ शकले असते, तिकीट काढायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण बाळंतपणाला आई एकटीच उतरली की बाप अजून रुसून बसलाय हे साऱ्या गावाला कळतं. पोरीलाही कळलं असतं, आणि तेच मला सोसवत नव्हतं. मला दोघांनी मिळून जायचं होतं.

दिवाळी झाली आणि पार्सल आलं. एक लांब नळकांडं, त्यात तुकड्यातुकड्यांची हलकी काठी. एक चकरी, तिच्यावर जाड पिवळी दोरी. एका डबीत बारा माश्या. माश्या म्हणजे बारक्या गळांवर पिसं आणि केस दोऱ्यानं गुंडाळून बनवलेल्या, इतक्या हुबेहूब की मी आधी झाकण पटकन बंदच केलं. सोबत एक एवढीशी बाटली आणि हिंदीत लिहिलेली चिठ्ठी. जावयानं लिहिलं होतं की पापाजींना गळ टाकायची आवड आहे असं कळलं. आमच्याकडचा मासा पाण्यावर बसलेली माशी वर येऊन टिपतो. ही माशी पाण्यावर कोरडी तरंगली पाहिजे. बाटलीतला मलम अगदी थोडासा लावावा, आणि बदकाच्या पिसांच्या ज्या चार माश्या आहेत त्यांना तर मुळीच लावू नये. आपण या, आपण दोघं नदीवर जाऊ.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. यांनी काठी हातात तोलली, चकरी कानाशी धरून फिरवून बघितली. चकरीचा आवाज त्यांना आवडला हे मला दिसलं. मग ते माशीकडे वळले.

"तरंगती? गळ वरच राह्यला तर मासा काय उडी मारून येतो व्हय?"

फोनवर पोरगी होतीच. ती म्हणाली, "व्हय बाबा, उडी मारूनच येतो."

"मग चला की बघायला," मी संधी साधली.

यांनी डबी बंद केली. "ही माशी पान्यावर तरंगली ना, त्या दिवशी टिकट काढतो."

ते बोलले ते 'सूर्य पश्चिमेला उगवला तर' अशा थाटात. पण मी ते वाक्य पदरात गाठ मारून ठेवलं आणि फोनवर पोरीला साक्षीदार करून घेतलं. दुसऱ्या दिवशी कंडक्टर भाऊजींना चहाला बोलावून त्यांनाही सांगितलं. त्यांनी लगेच नियम ठरवला. आपण वीसपर्यंत मोजणार, वीसपर्यंत माशी वर राहिली तर पास.

पहिल्या दिवशी मीही बंधाऱ्यावर गेले, तमाशा बघायला. ही दोरी हवेत पुढे-मागे झुलवून माशी अलगद टाकायची असते. यांनी पहिली माशी मागच्या बाभळीला दिली. दुसरी भाऊजींच्या टोपीत अडकली. तिसरी एकदाची पाण्यावर पडली, क्षणभर बसली, आणि मोजणी चारवर असताना खाली गेली.

"डबल घंटी मारायच्या आदीच सुटली की गाडी," भाऊजी म्हणाले.

यांनी बाटली काढली. चिठ्ठीत 'अगदी थोडासा' लिहिलेलं मी दोनदा वाचून दाखवलं.

"थोड्याशानं काय व्हतं? गाडी थोड्याशा ग्रीसवर चालती का?"

दोन दिवसांत बाटली संपली. तिसऱ्या दिवशी कपाटातला डबा निघाला. यांनी एकेक माशी बोटावर घेऊन तिला बेअरिंगला लावावं तसं ग्रीस चोळलं. बदकाच्या पिसांनाही सोडलं नाही. उलट ती जास्त नाजूक म्हणून त्यांना जास्त. ती माशी पाण्यात टाकली तेव्हा टप्पकन आवाज आला. ती तरंगलीच नाही. ती पडली तिथेच गेली, आणि वर सप्तरंगी तवंग तेवढा पसरला.

भाऊजी वाकून बघत होते. "डिझेल गळून राह्यलं वाटतं. डेपोत लावा गाडी."

घरी आल्यावर यांनी मला विचारलं, ते भिंतीकडे बघून. "पोरीला इचार, तिकडचा किती लावतो म्हनून."

मी पोरीला विचारलं. पोरीनं शेजारी बसलेल्या नवऱ्याला विचारलं. त्यानं हिंदीत तिला सांगितलं, तिनं मराठीत मला, आणि मी यांना. हे हातभर अंतरावर फोनचा आवाज ऐकत बसलेले होतेच, तरी माझं सांगून होईपर्यंत मान हलवायची नाही असं ठरवलेलं. उत्तर असं आलं की डाळीच्या दाण्याएवढा मलम दोन बोटांत चोळायचा आणि ती बोटं माशीवरून नुसती फिरवायची. माशी भिजली की रुमालात दाबायची, तोंडानं फुंकायची, हवेत चार वेळा झुलवायची, कोरडी भुकटी लावून झटकायची.

"फुंकायची," हे म्हणाले. "माशीला. चुलीसारखं."

भुकटी आमच्याकडे नव्हती. मी माझा कपड्यावर खुणा करायचा खडू वाटून दिला. खडू लावलेली माशी आठपर्यंत राहिली. मग मी लेकराला लावायची पावडर दिली, जी मी पोरीच्या बाळासाठी आधीच आणून ठेवली होती. ती अकरापर्यंत राहिली. बंधाऱ्यावर गुलाबाचा वास सुटला आणि भाऊजी म्हणाले की आता मासा न्हाई येनार, वऱ्हाड येईल.

असं करता करता पौष संपला. बारा माश्यांतल्या पाच राहिल्या होत्या. तीन बाभळीच्या, दोन तळाच्या, एक भाऊजींच्या टोपीत अजून आहे, एक कुठे गेली ते यांनी मला सांगितलं नाही. पोरीला चैत्रातली तारीख दिलेली. नांदेडहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या भरत चालल्या होत्या. मी डिंकाचे लाडू करायला सामान आणून ठेवलं आणि करायला मन होईना. वरवर मी यांची थट्टा करत होते, पण मशीनवर बसले की मला रडू यायचं. एका फालतू पिसाच्या माशीवर माझ्या पोरीचं बाळंतपण अडकलं होतं, आणि ती अडकवायला साक्षीदार मीच गोळा केले होते. त्यांचं ते वाक्य मी तसंच हवेत जाऊ दिलं असतं तर कदाचित त्यांना मनवता आलं असतं. आता बोललेलं वाक्य त्यांच्याही गळ्यात अडकलं होतं. आमच्या घरात बोललेलं फिरवायची पद्धत नाही, यांच्या तर सात पिढ्यांत नाही.

मग एक दिवस यांनी स्वतः फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, पोळी तव्यावर. बाहेरून त्यांचा डेपोतला हिंदी आवाज आला.

"वो बदक के पर वाली को तुम ग्रीस काहेकू नई लगाते?"

पलीकडून जावई काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलला. माझी पोळी करपली. हे मधून मधून "बराबर", "हां, बराबर" म्हणत होते. फोन ठेवून ते आत आले आणि मला सांगायला लागले, जणू काही हे शोध त्यांचेच आहेत. बदकाच्या पिसांत हवा अडकून राहते म्हणून ती तरंगतात. तेल लावलं की पिसं चिकटतात, हवा निघून जाते. "म्हंजे ग्रीसनंच बुडवलं आपल्याला," ते म्हणाले. असं वाक्य त्यांच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. मी पोळी पलटायची विसरून त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर मोरीत बादली, बादलीत कपड्यांच्या सोड्याचा फेस, आणि फेसात उरलेल्या पाचही माश्या. ग्रीस काढायचं तर सोडा, हे त्यांचं पक्कं. हात धुवायला डेपोत तेच वापरायचे. ग्रीस खरंच निघालं. पण सोड्याचा अंश राहिलेली पिसं पाणी आणखीच पितात, हे आम्हाला बंधाऱ्यावर कळलं. पाचही माश्या तीन मोजायच्या आत बुडाल्या. भाऊजींनी त्या दिवशी काहीच थट्टा केली नाही. थट्टा केली नाही म्हणून मला जास्त वाईट वाटलं. हे काठीचे तुकडे सोडून नळकांड्यात भरत होते, आणि भरताना ते प्रत्येक तुकडा पुसत होते.

त्याच दुपारी मी लबाडी केली.

मी शिवणारी बाई आहे. बारीक सुईत दोरा घालून हूक, आय, मणी लावण्यात माझी उमर गेली. फ्रीजच्या खोक्यातलं थर्माकोल माळ्यावर होतं. त्यातला एक दाणा मी सोडवला, ज्वारीच्या दाण्याएवढा. एका भिजक्या माशीचा दोरा उसवून गळ मोकळा केला. दाणा गळावर बसवला आणि एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजातल्या तपकिरी रेशमानं तो असा गुंडाळला की पांढरं टिपूससुद्धा दिसेना. शेजारणीच्या कोंबड्याची दोन पिसं भोवती फिरवून बांधली. माशी इतकी देखणी झाली की ती डबीत इतरांच्या रांगेत ठेवताना मला वाटलं, आता ही उठून दिसणार. पण यांना चष्मा लागतो आणि तो ते लावत नाहीत, यावर माझा भरवसा होता.

"आजून एक डाव बघा," मी रविवारी म्हटलं. "धुतल्यावर नीट वाळल्या नव्हत्या त्या. आता कोरड्या झाल्या."

बंधाऱ्यावर मी मुद्दाम तीच माशी काढून हातात दिली. यांनी ती बोटांत धरली, उगीच थोडा वेळ धरली, फुंकली आणि बांधली. दोरी झुलली, माशी पाण्यावर बसली. भाऊजींनी मोजायला सुरुवात केली. बारा, तेरा. अठरा, एकोणीस, वीस. माशी तशीच. भाऊजींनी चाळीसपर्यंत मोजलं आणि मग कंटाळून टॉवेल हवेत फिरवत डबल घंटी मारल्यासारखं तोंडानं वाजवलं.

"सोडा आहे म्हनून झालं," हे म्हणाले. "ग्रीस निघालं बराबर."

माशी त्यांनी डबीत न ठेवता रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जाऊन दोन टिकटं काढून आणली. मी लाडू वळायला बसले आणि मनातल्या मनात हसत राहिले. तेव्हापासून निघेपर्यंत मी रोज हसले. पस्तीस वर्षं गाडीचा नट बघून नंबर सांगणारा माणूस, आणि त्याला मी ज्वारीएवढ्या थर्माकोलनं फसवलं! भाऊजींनाही सांगितलं नाही. इतकं मोठं यश कोणाला सांगता येत नव्हतं, एवढीच काय ती तकलीफ.

फाल्गुन सरता सरता आम्ही पोहोचलो. दोन रात्री रेल्वे, मग डोंगरातली बस, आणि त्या बसच्या प्रत्येक वळणाला हे ड्रायव्हरच्या ब्रेकबद्दल मला सांगत होते. पोरगी फाटकात उभी होती, पोट हातभर पुढे आलेलं, गाल वर आलेले. दोन वर्षांनी दिसलेल्या लेकीला यांनी वरून खालपर्यंत बघितलं.

"लई वाळलीस," ते म्हणाले.

पोरगी हसायला लागली आणि हसता हसता रडली. जावई मागे उभा, हात जोडून, काय करावं न कळून. यांनी लाडवांचा डबा त्याच्या हातात दिला. तेवढंच. पण डबा देताना "संभालके, नीचेसे पकड़" असं म्हणाले, आणि यांनी कुणाला काय कसं धरायचं ते सांगायला लागलं की तो माणूस आपला झाला, असं डेपोत सगळे म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आम्ही नदीवर गेलो. घरामागेच होती. पाणी असं थंड की मी बोट घालून लगेच काढलं, आणि असं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. पोरीला दगडावर घोंगडी टाकून बसवलं. जावयानं काठी जोडली आणि यांच्याकडे माशी मागितली. यांनी खिशातून रुमाल काढला.

हा पोरगा माश्या बांधणारा, त्याच्या हातात गेली की संपलं. पुढे होऊन काही बोलावं म्हणून मी पाऊल टाकलं, तोवर त्यानं माशी नखानं उलटी केली, दाबली आणि वर बघितलं.

"पापाजी, ये किसने बनाई?"

"तेरी सास ने," हे म्हणाले. "अंदर थर्माकोल है."

मी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. मग राग आला, मग लाज आली, दोन्ही एकदम.

"तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. हातात घेतल्याबराबर. पस्तीस वर्षं पार्ट तोलले ह्या बोटांनी, एवढं कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला काहून न्हाई?"

ते पाण्याकडे बघत होते. "काय बोलायचं? मलाबी पोरीकडं यायचंच व्हतं. मीच बोलून बसलो व्हतो, कुनीतरी सोडवायला पायजे व्हतं. तू सोडवलं."

दोन महिने मी स्वतःशीच हसत होते, आणि हे मला हसताना बघून गप्प बसले होते. माझ्या यशाची पार माती झाली होती आणि तरी मला इतकं बरं वाटलं की मी पदर डोळ्यांना लावला. जावयाला मराठी सगळं कळलं नसावं. तो म्हणाला की आजकाल तेही माशीच्या पोटात फोम घालतात, मम्मीजींनी ही फार छान बांधली आहे, एकदा टाकून बघू. त्यानं माशी बांधून काठी यांच्या हातात दिली.

यांनी दोरी झुलवली. मागे बाभूळ नव्हती. माशी वरच्या धारेत बसली आणि पाण्याबरोबर खाली यायला लागली, ताठ, कोरडी. यांनी मोजायला सुरुवात केली. बंधाऱ्यावरच्या नियमाबद्दल मी पोरीला फोनवर आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तिला ते काय मोजताहेत ते कळलं. सात, आठ, नऊ. दहा. अकरा कसंबसं निघालं. बाराला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

"बारा," दगडावरून पोरगी म्हणाली. "तेरा. चौदा, बाबा."